यादीतील नाव : यवतमाळ जिल्ह्यातील सेवाप्रवेशाचा शब्देतिहास

पैनगंगा ही यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा होय. १९५६ साली राज्यपुनर्रचनेबरोबर अनुसूचित जमातींच्या याद्या सुधारण्यात आल्या, तेव्हा ह्या नदीच्या दक्षिण तीरावरील हदगाव व किनवट ह्या तालुक्यांतील आंध हा अनुसूचित जमातीचा ठरला. उत्तर तीरावरील पुसद तालुक्यातील आंध मात्र ठरला नाही. जमात एक, सोयरीक एक, बोलणे एक. परंतु दक्षिण तीर पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातून आलेला आणि उत्तर तीर वऱ्हाडातील, एवढ्याच कारणाने एकाला सरकारी सेवेतील राखीव जागेवर हक्क सांगता येई व दुसऱ्याला येत नसे. ही स्थिती २७ जुलै १९७७ पर्यंत टिकली. म्हणजे प्रजासत्ताकाच्या पहिल्या वर्षी जन्मलेला पुसदचा आंध मुलगा शिक्षण पुरे करून नोकरीच्या वयात आला, तरी त्याचे नाव यादीत आलेले नव्हते.

नोकरीच्या ठिकाणी समाजातील सर्व थरांना वाव कसा मिळावा, ह्या प्रश्नाचा अभ्यास बहुधा शेकडेवारीच्या अंगाने होतो. अलीकडे ह्या विषयाला विविधता, समन्याय आणि समावेशन अशी त्रिपदी संज्ञा मिळाली असून तिच्याबरोबर तक्ते आणि निर्देशांकही आले आहेत. यवतमाळसारख्या जिल्ह्याचा इतिहास पाहिला असता मात्र असे दिसते की, शेकडेवारी ही येथे दुय्यम गोष्ट होती. कोणते नाव यादीत आहे, ते कोणत्या भाषेतून आले, त्याचे लेखन कसे झाले, त्याच्या पुढे स्वल्पविराम आहे की नाही आणि ते नाव आपलेच आहे हे कोणी कोणाला पटवून द्यावयाचे, ह्या प्रश्नांवर सेवेचे दार उघडत व मिटत आले आहे. हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकांनी कायद्याच्या अभ्यासकांवर सोपवून दिला, हे काही योग्य झाले नाही.

हा जिल्हा वऱ्हाडचा आग्नेय भाग. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख १९०५ साली पुसद तालुक्याची भर पडून यवतमाळ जिल्हा झाला. यवतमाळ, केळापूर, वणी, दारव्हा आणि पुसद हे त्याचे पाच जुने तालुके. १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताबरोबर नागपुरातून चाले. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. गोंड, परधान, कोलाम व आंध ह्या जमाती, बंजाऱ्यांचे तांडे, कुणबी आणि पूर्वीचे महार व आजचे बौद्ध ही येथील वस्ती. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याच्या २७ लाख ७२ हजार लोकसंख्येपैकी सुमारे साडेअठरा टक्के अनुसूचित जमातींची आणि सुमारे पावणेबारा टक्के अनुसूचित जातींची होती.

ह्या मुलुखात काम आणि जन्म ह्यांची सांगड कशी होती हे शब्दांवरूनच कळते. गावगाड्यात ‘महार’ हे जातीचे नाव होते आणि गावकीतील कामाचेही. ‘सुतार’, ‘कुंभार’, ‘न्हावी’ ह्यांबाबत तेच. पद निराळे व पद धारण करणारा निराळा, हा भेद दाखविण्यासाठी भाषेला दोन शब्दांची गरजच पडली नव्हती. याउलट ‘परधान’ हे नाव ‘प्रधान’ ह्या पदवाचक शब्दापासून आले असे मानतात; तेथे पदाची जमात झाली. बंजाऱ्यांच्या तांड्याचा प्रमुख ‘नाईक’. कोलामांच्या पोडावरही नाईक, महाजन, घट्या असे मानकरी असतात. इंग्रजी अमलाने ही सांगड मोडली असे म्हणण्याचा प्रघात आहे, पण वऱ्हाडापुरते तरी ते अर्धसत्य होय. १९०० च्या वऱ्हाड पाटील-पटवारी कायद्याने गावच्या दप्तराची वंशपरंपरा मोडली नाही, तर तिला लेखी आधार दिला. ज्याच्या घरात दप्तर, त्याच्याच घरात अक्षर, असा प्रकार पुढे दोन पिढ्या चालला.

पुढील इतिहासाचा आरंभ वऱ्हाडात नव्हे, कोल्हापुरात शोधावा लागतो. २६ जुलै १९०२ रोजी शाहू छत्रपतींनी, स्वतः इंग्लंडात असताना, आपल्या संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात असा आदेश काढला. त्या आदेशाचे मोठेपण सर्वज्ञात आहे. त्याच्या शब्दरचनेकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. मागासलेले कोण, ह्याची यादी त्यात दिलेली नव्हती. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे सर्व ते मागासलेले, अशी व्याख्या होती. यादी होती ती पुढारलेल्यांची, आणि ती चार नावांची. ह्याचा व्यावहारिक अर्थ असा की, उमेदवाराला आपण कोण आहोत हे सिद्ध करावयाचे नव्हते; तो त्या चारांपैकी नाही एवढेच पुरे होते, आणि लहानशा संस्थानात ते सर्वांना ठाऊकच असे. पुराव्याचा भार दुर्बलावर टाकलेला नव्हता. पुढील शंभर वर्षांत ह्या देशात प्रतिनिधित्वाचे जे नियम झाले, त्यांतील बहुतेकांनी ही दिशा उलटी केली. ज्यांना द्यावयाचे त्यांची नावे लिहिली गेली, आणि ज्याने मागावयाचे त्याने आपले नाव सिद्ध करावयाचे असे ठरले. (त्याच १९०२ सालच्या नोव्हेंबरात निजामाने वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिले, आणि कोल्हापूरच्या आदेशाचा वारा वऱ्हाडच्या कचेऱ्यांना लागण्याचा प्रश्नच उरला नाही.)

यादीची पद्धत सोयीची होती हे नाकारता येणार नाही. शेकडो जातींच्या देशात चार नावे वगळून भागणार नव्हते, आणि ज्यांच्यावर अस्पृश्यतेचा शिक्का होता त्यांना ‘बाकीच्यां’त टाकले असते तर बाकीच्यांतील बळकटांनीच जागा घेतल्या असत्या. १९४३ साली डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना मध्यवर्ती सेवांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा ठरल्या, त्या यादीमुळेच त्यांच्यापर्यंत पोचू शकल्या. तथापि ‘अनुसूचित’ हे विशेषण कसे आहे पाहा. अनुसूचीत असणे ह्यापलीकडे त्याला अर्थच नाही. ‘मागासलेला’ हा शब्द कितीही बोचरा असला तरी तो एका स्थितीचे वर्णन करतो व त्या वर्णनाविषयी वाद घालता येतो. ‘अनुसूचित’ हा शब्द फक्त एका कागदाकडे बोट दाखवितो.

‘राखीव’ ह्या शब्दाची कथाही यवतमाळात दुहेरी आहे. हा शब्द जिल्ह्यातील गोंड-कोलामांच्या कानांवर प्रथम आला तो जागांच्या नव्हे, जंगलाच्या संदर्भात. १८८६ च्या वऱ्हाड जंगल कायद्याने राने राखीव झाली. राखीव म्हणजे आपल्यासाठी बंद, असा अर्थ त्यांच्या दोन पिढ्यांनी अनुभवाने शिकून घेतला. नंतर तोच शब्द घेऊन सरकार सांगू लागले की, कचेरीत तुमच्यासाठी जागा राखीव आहेत. मंडल आयोगाच्या अहवालावरून १९९० मध्ये जे आंदोलन उसळले त्या काळात ‘आरक्षण’ हा संस्कृत शब्द मराठीत रूढ झाला आणि ‘राखीव जागा’ मागे पडल्या. ह्या बदलात एक तोटा झाला असे वाटते. ‘राखीव जागा’ म्हटले की डोळ्यांसमोर खुर्ची येते आणि ती भरली की रिकामी आहे हा प्रश्न साहजिकच मनात येतो. ‘आरक्षण’ म्हटले की एखाद्या समाजाला मिळालेली वस्तू डोळ्यांसमोर येते. सेवेतील अनुशेषाची चर्चा वृत्तपत्रांतून मागे पडून ‘कोणाला आरक्षण’ ही चर्चा पुढे आली, त्यात शब्दाचाही वाटा असावा.

आता १९५० च्या यादीकडे वळावे. घटनेच्या ३४२ व्या अनुच्छेदाखाली निघालेल्या अनुसूचित जमातींच्या आदेशात वऱ्हाडातील जमाती सरसकट नव्हत्या. त्या तालुक्याला बांधलेल्या होत्या. १९५६ च्या सुधारणेनंतरही अमरावती जिल्ह्यातील मेळघाट, चांदा जिल्ह्यातील गडचिरोली व सिरोंचा, आणि यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, वणी व यवतमाळ एवढ्याच तालुक्यांत त्या जमाती अनुसूचित मानल्या जात. दारव्हा व पुसद हे तालुके वगळलेले होते. केळापूरचा गोंड अनुसूचित, दारव्ह्याचा गोंड नव्हे. जमातीची ओळख भूगोलावर अवलंबून ठेवण्याची ही कल्पना, आदिवासी म्हणजे डोंगरात राहणारा, ह्या जुन्या समजुतीतून आली होती. सपाटीवर उतरून शेतमजुरी करणारा आदिवासी हा त्या समजुतीप्रमाणे आदिवासी उरत नाही. वस्तुतः कापसाच्या मुलुखात सपाटीवर उतरलेल्या आदिवासीची जमीन सावकाराकडे आधी जाई व शाळेत मूल उशिरा जाई; त्याला सेवाप्रवेशाची गरज डोंगरातल्याहून कमी होती असे म्हणण्यास आधार नाही.

हे तालुकाबंधन १९७६ च्या १०८ क्रमांकाच्या अधिनियमाने बहुतांशी उठले आणि तो अधिनियम २७ जुलै १९७७ रोजी अमलात आला. त्या दिवशी पुसदचा आंध अनुसूचित झाला. परंतु त्याच अधिनियमाने, त्याच दिवशी, नदीच्या खालच्या अंगाला दुसरी एक गोष्ट घडली. आंध्र प्रदेशाच्या तेलंगण भागातील लंबाडा, म्हणजेच आपल्याकडील बंजारा, हा अनुसूचित जमातींत आला. पैनगंगेच्या दक्षिणेस आदिलाबाद जिल्ह्यात तो अनुसूचित जमातीचा, कर्नाटकात अनुसूचित जातीचा आणि उत्तरेस यवतमाळ जिल्ह्यात विमुक्त जातीचा. पूर्वी आंधांच्या बाबतीत जो अन्याय उत्तर तीरावर होता, तसाच भेद आता बंजाऱ्यांच्या बाबतीत त्याच तीरावर उभा राहिला. त्याचे परिणाम दोन्हीकडे झाले. आदिलाबादेतील गोंड-कोलामांना आपल्या जागा लंबाडे घेतात अशी तक्रार करावयास कारण मिळाले. यवतमाळातील बंजाऱ्यांना नदीपलीकडे बोट दाखवावयास मिळाले. गोरमाटी बोलणारा हा समाज दोन्ही तीरांवर एकच आहे ह्याविषयी कोणालाही शंका नाही, आणि हेच ह्या प्रकरणाचे वैशिष्ट्य होय: येथे ओळखीचा वाद मुळीच नव्हता, तरीही नावाचे फळ तीन राज्यांत तीन प्रकारचे निघाले.

हा जिल्हा बंजारा समाजाच्या राजकीय कर्तृत्वाचाही जिल्हा आहे, हे येथे सांगितले पाहिजे. पुसद तालुक्यातील गहुली गावचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री होते व सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ पर्यंत. १९६० च्या दशकात महाराष्ट्राने बी. डी. देशमुख समितीच्या शिफारशींना अनुसरून अनुसूचित जाती व नवबौद्ध १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती व भटक्या जमाती ४ आणि इतर मागासवर्ग १० अशी ३४ टक्क्यांची वाटणी स्वीकारली. विमुक्त व भटक्यांना स्वतंत्र वाटा देणारे हे राज्य इतरांहून पुढे होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यांना १९५२ मध्ये कायदा रद्द झाल्यावर ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. त्या नावालाच सेवेत वाटा देणे ही भाषेतील दुरुस्ती व्यवहारात उतरविण्याची क्रिया होती. १९९४ नंतर हा वाटा चार उपविभागांत मिळून ११ टक्के झाला.

नावाने दार कसे मिटते ह्याचे सर्वांत कठोर उदाहरण मात्र बौद्धांचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तीत वऱ्हाडातील लोक मोठ्या संख्येने होते. ज्या नावात जात आणि हलके काम ही दोन्ही एकवटली होती, ते नाव टाकून देणे हा त्या दीक्षेचा गाभाच होता. पण अनुसूचीत होते ते टाकलेले नाव. १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदू, व १९५६ पासून शीख, ह्यांखेरीज इतर धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीचा मानता येत नसे. महाराष्ट्र राज्याने आपल्या सेवांपुरती नवबौद्धांना सवलत दिली. केंद्राने ती १९९० साली, म्हणजे चौतीस वर्षांनी दिली. ह्या मधल्या काळात टपाल कचेरीत, रेल्वेत वा कोळसा खाणीत नोकरी मागणाऱ्या यवतमाळच्या तरुणापुढे दोनच मार्ग होते. त्याने कागदावर जुने नाव लिहून आपला निश्चय खोटा करावा, किंवा नवे नाव लिहून जागा सोडावी. कित्येक घरांत शाळेच्या दाखल्यावर एक नाव व घराच्या भिंतीवर दुसऱ्या श्रद्धेची तसबीर असा प्रकार ह्यातूनच आला. ह्याला कोणी अप्रामाणिकपणा म्हणत असेल, तर तो यादीने शिकविलेला होता.

१९८० नंतर ह्या इतिहासाचे केंद्र जागेवरून दाखल्याकडे सरकले. जागा निर्माण झाल्या, शिक्षण पसरले, आणि ज्यांचे नाव यादीतील नावाशी मिळतेजुळते होते असे समाजही पुढे आले. १९९४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने दाखल्यांच्या तपासणीसाठी समित्यांची रीत घालून दिली. महाराष्ट्राने २००० च्या अधिनियमाने, जो १८ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आला, तिला कायद्याचे रूप दिले. समितीपुढे कागदोपत्री पुराव्याखेरीज जमातीच्या चालीरीती, दैवते, विवाहविधी व बोली ह्यांविषयी प्रश्न विचारून आप्तभाव पाहिला जातो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही कसोटी कच्ची आहे. आंधांची स्वतंत्र बोली केव्हाच लोपली असून ते पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात. परधानांची घरेही बहुतांशी मराठी झाली. गोंडीही सपाटीवरील गावांतून ओसरत गेली. शाळेत मराठीच शिकवावयाची, पोटासाठी मराठीच बोलावयास लावावयाची आणि नोकरीच्या वेळी मात्र बोली येते काय असे विचारावयाचे, ह्यात न्याय नाही. न्यायालयालाही हे उमगले: २०११ मध्ये आणि अधिक स्पष्टपणे मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आप्तभावाची कसोटी ही निर्णायक मानता येणार नाही असे ठरविले.

विरामचिन्हांच्या वादांना विदर्भात तर तोटाच नाही. यादीतील ‘हलबा’ ह्या नोंदीत हलबा-कोष्टी येतात काय? २००० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, यादी जशी आहे तशीच वाचावी, तिच्यात चौकशी करून काही घालता येणार नाही. ‘माना’ ही गोंडांची पोटजमात की स्वतंत्र जमात? २००६ मध्ये स्वतंत्र ठरली. ‘गोंड गोवारी’ हे एक नाव की दोन? २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूर येथे ह्याच मागणीसाठी आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली. २०१८ च्या ऑगस्टात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारी हेच गोंड गोवारी होत असे म्हटले. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. दोन शब्दांमधील कोऱ्या जागेचा अर्थ लावण्यास सव्वीस वर्षे लागली आणि तिच्या आधी एकशे चौदा प्रेते पडली. समासाचा विग्रह कसा करावा हा प्रश्न व्याकरणाच्या तासाला फारसा गंभीर वाटत नाही.

ह्या वादांत एक बाजू नेहमी न बोललेली राहते. खोट्या दाखल्यावर जी जागा गेली ती कोणाची होती? जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाखला अवैध ठरल्यास नोकरीचे संरक्षण मिळणार नाही असा स्पष्ट निर्णय दिला. त्यावर महाराष्ट्र शासनाने २१ डिसेंबर २०१९ च्या निर्णयान्वये अशा कर्मचाऱ्यांना ‘अधिसंख्य’ पदांवर वर्ग केले, म्हणजे त्यांची मूळ जागा जमातीच्या उमेदवारासाठी रिकामी झाली आणि तेही घरी गेले नाहीत. वीस-पंचवीस वर्षे काम केलेल्या माणसाला एका शब्दासाठी रस्त्यावर आणणे क्रूरपणाचे होते हे खरे. पण तितकीच वर्षे रिकाम्या हाताने बसलेल्या आदिवासी उमेदवाराला कोणते अधिसंख्य आयुष्य मिळणार, हा प्रश्न त्या शब्दाने झाकला गेला.

यवतमाळात अनुसूचित जमातींची वस्ती मोठी म्हणून गट क व गट ड च्या जिल्हास्तरीय जागांत त्यांचा वाटा राज्याच्या ७ टक्क्यांऐवजी १४ टक्के धरला जातो. त्यासाठी इतर मागासवर्गाचा वाटा कमी झाला, ह्याचा रोषही जिल्ह्यात आहे. केळापूर, मारेगाव, राळेगाव व घाटंजी ह्या तालुक्यांतील बरीच गावे १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आहेत. तेथील तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, शिक्षक अशी काही पदे स्थानिक आदिवासींतूनच भरावीत अशी अधिसूचना राज्यपालांनी जून २०१४ मध्ये काढली. ह्या अधिसूचनेमागील विचार शेकडेवारीचा नव्हता. गावाशी बोलू शकणारा माणूस गावात असावा, असा तो होता. एप्रिल २०२० मध्ये आंध्र प्रदेशातील तशाच शंभर टक्के नियमाला सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले, महाराष्ट्रातील भरती न्यायालयात अडली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात शासनाने निवड झालेल्या उमेदवारांना मानधनावर तात्पुरत्या नेमणुका देण्यास आरंभ केला. त्याच वर्षी तलाठी ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला व ग्रामसेवक ‘ग्रामपंचायत अधिकारी’. विदर्भातील शेतकरी तर त्याला अजून पटवारीच म्हणतो.

‘मानधन’ ह्या शब्दापाशी थोडे थांबावयास हवे. घटनेच्या १६ व्या अनुच्छेदाने राखून ठेवावयाच्या त्या नेमणुका व पदे. जे काम ‘पद’ म्हणून ओळखले जात नाही त्याला राखण्याचा नियम लागत नाही, किंवा कसाबसा लागतो. अंगणवाडीची सेविका दिवसभर काम करते, पण तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. शिक्षण सेवकालाही आरंभीची वर्षे मानधनच. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने नऊ संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला, तेव्हा त्यात राखीव जागांचे काय, हाच आक्षेप प्रथम आला, आणि ऑक्टोबरात तो निर्णय रद्द करावा लागला. काम तेच, खुर्ची तीच. नाव बदलले की नियम गळून पडतो. जागांच्या यादीतील नावाला जे महत्त्व, तेच कामाच्या नावालाही आहे, हे आता दिसू लागले आहे. स्त्रियांना १९९४ च्या महिला धोरणाने शासकीय सेवेत ३० टक्के समांतर जागा मिळाल्या आणि दिव्यांगांचा वाटा २०१६ च्या अधिनियमाने ३ वरून ४ टक्के झाला. ह्या दोन्ही तरतुदीही ‘पदां’नाच लागू आहेत.

खासगी क्षेत्राविषयी फार लिहिण्यासारखे नाही. जिल्ह्याचा जुना उद्योग म्हणजे सरकी काढणारे जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने. तेथील मजुरीत बायका व दलित-आदिवासी मुबलक होते, मुनिमाच्या गादीवर नव्हते. ‘समावेशन’ हा शब्द आज ज्या अर्थाने कंपन्यांच्या अहवालांत येतो तो अमेरिकेतून आला. तेथे केनेडी यांच्या मार्च १९६१ च्या आदेशातून व जॉन्सन यांच्या सप्टेंबर १९६५ च्या आदेशातून सकारात्मक कृतीचे धोरण उभे राहिले. १९७८ च्या बाकी खटल्यात ‘विविधता’ हा त्याचा न्यायालयीन आधार ठरला. जून २०२३ मध्ये विद्यापीठ-प्रवेशापुरता तो आधार गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये जॉन्सन यांचा आदेशही रद्द झाला. तेथे अन्यायाच्या भरपाईऐवजी विविधतेचा लाभ हा युक्तिवाद स्वीकारला गेला, आणि लाभ सांगून मिळविलेली गोष्ट लाभ नाही असे म्हणताच काढून घेता आली. भारतात २००६ नंतर उद्योगसंघटनांनी सकारात्मक कृतीची स्वेच्छासंहिता मान्य केली. २०२२-२३ पासून मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना जो उत्तरदायित्वाचा अहवाल द्यावा लागतो, त्यात स्त्री व दिव्यांग कर्मचाऱ्यांची संख्या असते. जात-जमातीचा रकाना नसतो. यादीचा जाच ज्याने पाहिला त्याला रकाना नसणे ही सुटका वाटेल. पण रकाना नसेल तर रिकामी खुर्चीही दिसत नाही, आणि ह्या दोहोंतून निवड करावयाची झाल्यास यवतमाळच्या इतिहासावरून यादीच पत्करावी लागेल.

शेवटी कोलामांविषयी. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित मानलेल्या तीन आदिम जमातींपैकी ही एक. दुसऱ्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. कोलामांची मुख्य वस्ती ह्याच जिल्ह्यात, गावापासून तुटक असलेल्या पोडांवर आहे. त्यांची कोलामी ही मध्य द्राविडी भाषा १९०६ च्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात नोंदली गेली, आणि एमेनो यांनी १९३७-३८ मध्ये वर्धा जिल्ह्यात केलेल्या अभ्यासावर आधारलेले तिचे वर्णन १९५५ साली प्रसिद्ध झाले. आज ती सुमारे सव्वा लाख लोक बोलतात. अनुसूचित जमातींचा वाटा जमातींना एकत्र मिळतो. त्यात शिक्षणात पुढे गेलेल्या जमातींबरोबर स्पर्धा करून कोलामाच्या वाट्याला काय येते ह्याचे उत्तर पोडावर जाऊन पाहणाऱ्याला कळते. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाप्रमाणे मराठी न येणाऱ्या कर्मचाऱ्याला मराठीची परीक्षा द्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. परंतु कोलाम पोडाच्या शाळेतील शिक्षकाने वा उपकेंद्रातील परिचारिकेने कोलामी शिकावी, वा जिला ती येते तिला निवडीत एक तरी गुण अधिक मिळावा, हा विचार सेवाप्रवेशाच्या नियमांत शिरलेला नाही. तपासणी समितीपुढे बोली हा पुरावा असतो, निवडीपुढे ती पात्रता नसते.

यादीत ह्या जमातीची नोंद ‘कोलाम, मन्नेरवारलू’ अशी आहे. ‘मन्नेरवारलू’ हे तेलुगू शेजाऱ्यांनी दिलेले नाव असून नांदेडकडे त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावांवरून दाखल्यांचे वाद झाले आहेत. ‘कोलाम’ हे मराठी शेजाऱ्यांच्या तोंडचे रूप. कोलाम स्वतःला आपल्या भाषेत ‘कोलावर’ म्हणवितात. ते नाव यादीत नाही.